जुनी थार अजूनही लोक का घेतात, आणि तुम्ही घ्यावी का?

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही राहता गंगापूर रोडला, नोकरी शाळेत, आणि हरसूलच्या अलीकडे वडिलोपार्जित साडेतीन एकर. डांबरी संपल्यावर शेतापर्यंत दोन किलोमीटर पाणंद, मध्ये एक ओहोळ, आवणीच्या दिवसांत तिथे मोटारसायकलसुद्धा ढकलत न्यावी लागते. २०१६ची जुन्या पिढीची महिंद्रा थार, सीआरडीई म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिनाची, तुम्ही बघून ठेवलीय. मेहुणे म्हणतात मारुतीची जिम्नी घ्या. सहकारी म्हणतात कर्ज काढा पण नवी थार घ्या. आणि वहिनी विचारतात, जिचा एसी असून नसल्यासारखा, जिच्यात मागे बाकड्यावर बसावं लागतं, त्या पत्र्याच्या डब्याला लोक अजून एवढे पैसे का देतात?

अंबडला माझं छोटं गॅरेज आहे. अठ्ठावीस वर्षं फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देता येतो अशा गाड्या. एमएम ५४०, जिप्सी, कमांडर, दोन्ही पिढ्यांच्या थार, गुरखा, अलीकडे जिम्नी, सगळ्यांच्या पोटाखाली झोपून झालंय. गाड्या विकायचा धंदा मी करत नाही, त्यामुळे तुम्ही कोणती घेता याने मला फरक पडत नाही. म्हणजे तसा पडतो. जुनी घेतलीत तर माझ्याकडे जास्त वेळा याल. तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

वहिनींच्या प्रश्नाची जी उत्तरं नेहमी मिळतात ती तुम्ही ऐकलीच असतील. मिलिटरीची गाडी, मर्दानी दिसते, आजोबांच्या जीपची आठवण येते. यात खोटं काही नाही. दुसऱ्या महायुद्धातली विलिस जीप महिंद्राने स्वातंत्र्यानंतर लगेच आपल्याकडे जोडायला घेतली. पुढे सीजे जीप आल्या, मग प्यूजोच्या डिझेल इंजिनाची एमएम ५४०, आणि त्याच वंशातली थार २०१० साली आली ती २०२०पर्यंत चालली. नाशिककराला तर हा घरचाच विषय. सातपूरच्या कारखान्यात नोकरी केलेला एक तरी माणूस प्रत्येक गल्लीत निघतो, आजची थारही तिथूनच बाहेर पडते, आणि इगतपुरीला इंजिनांचा कारखाना आहे. त्यामुळे जीव गुंततो. पण जीव गुंतला म्हणून माणूस फार तर एकदा गाडी घेतो. माझ्याकडे असे शेतकरी येतात ज्यांनी एक जुनी थार विकून दुसरी जुनीच थार घेतली. ते काही आजोबांच्या आठवणीने घेत नाहीत.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करतो. चिखलात जुनी थार नवीपेक्षा सरस आहे असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर त्याने दोन्ही गाड्या एका चिखलात घातलेल्या नाहीत. जुन्या सीआरडीईला अडीच लिटरचं डिझेल इंजिन, ताकद १०५ बीएचपी, ओढ २४७ एनएम, पोट जमिनीपासून २०० मिलिमीटर. नव्या थारचं २.२ डिझेल १३० बीएचपी आणि ३०० एनएम देतं, पोट २२६ मिलिमीटरवर, आणि कंपनी ६५० मिलिमीटर पाण्यातून न्यायची परवानगी देते. शिवाय एखादं चाक हवेत फिरायला लागलं की ब्रेक त्या चाकाला धरतो आणि जोर पलीकडच्या चाकाला जातो. जिम्नी ताकदीला कमी, १.५ पेट्रोल आणि १३४ एनएम, पण बाराशे किलोच्या आसपास वजन, पुढेमागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, त्यामुळे गाळात जिथे बाकीच्या बसतात तिथून ती वरच्यावर निघून जाते. डिफरन्शियल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर; गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे ते हाताने लॉक करता येतात. त्या बाबतीत तिच्यापुढे कुणी नाही. थोडक्यात, जुनी थार आज यातल्या कशातच पहिली येत नाही.

मग माणसं तिच्याकडे का वळतात? माझ्या मते एकाच कारणाने. ती आधी कुरकुरते, मग थांबते. आणि तिची कुरकुर ऐकून काय झालंय ते सांगणारा माणूस दर दहा-पंधरा किलोमीटरवर बसलेला आहे.

प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे जोर चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) जायला लागला की रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना खालून ‘टक’ असा आवाज येतो. तो तुटायच्या आधी कित्येक आठवडे येतो. आधी फक्त सकाळी, मग दर वेळी, मग गाडी ओढताना थरथर जाणवते. चाकाचं बेअरिंग गेलं तर चाळीसच्या पुढे भुंग्यासारखं गुणगुणतं, वळणावर आवाज बदलतो, त्यावरून कोणत्या बाजूचं ते कळतं. पाटा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगची लोखंडी पट्टी, तडकला की तडकलेल्या जागी गंजाची बारीक लाल रेघ उमटते. गाडी धुताना ज्याला बघायची सवय आहे त्याला ती दिसते. क्लच प्लेट गेली तर वास. डिझेलमध्ये पाणी आलं तर झटके. प्रत्येक दुखण्याला आवाज आहे, वास आहे नाहीतर डाग आहे, आणि तो वाचायला कॉम्प्युटर लागत नाही.

सीआरडीईतही इलेक्ट्रॉनिक्स आहे, हे कबूल. इंजेक्टर, रेल प्रेशरचा सेन्सर, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सगळं आहे, आणि ते बिघडलं तर माझ्याकडेही स्कॅनर लावावाच लागतो. ६३ बीएचपीच्या साध्या डीआय थारमध्ये तेही नव्हतं. पण सीआरडीईमध्ये ते इंजिनापुरतंच आहे. फोर बाय फोर लावणं हे दांड्याचं काम, मागचे पाटे म्हणजे लोहाराला कळणारी गोष्ट, पुढे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगऐवजी पीळ खाणारी कांब.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली गोष्ट सांगतो. त्र्यंबकच्या पुढे एका पाणंदीतून संध्याकाळी एका पोराचा फोन आला. “काका, गाडी चालू आहे, पण फोर बाय फोर लागतच नाहीये. स्क्रीनवर चार दिवे पेटलेत.” नवी कोरी, वीस लाखांच्या पुढची गाडी. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, दगडाचा होता. ओहोळातून निघताना दगड उडाला आणि मागच्या चाकाच्या वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर तुटली. वायर पेन्सिलीच्या शिसाएवढी. पण गाडीच्या डोक्याला वाटलं एक चाक थांबलंय, म्हणून त्याने आधी एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंद केलं, मग ट्रॅक्शन कंट्रोल, आणि शेवटी फोर बाय फोर लावायलाही नकार दिला. त्या गाडीत ते बटणावर होतं. मी बॅटरीच्या उजेडात वायर जोडून टेप गुंडाळली, पण एकदा पेटलेला दिवा मिटवायला स्कॅनर हवा होता आणि तो अंबडला राहिला होता. शेवटी गावातला ट्रॅक्टर बोलावला. पोरगा ट्रॅक्टरवाल्याला पैसे देताना माझ्याकडे असा बघत होता, जसं मीच काही केलंय.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्यात माझीच फजिती टाकतो. माझ्या स्वतःच्या जीपला पाटे नवे टाकले होते. नवे पाटे टाकले की दीड-दोनशे किलोमीटर चालवून पाटे अ‍ॅक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, कारण पाटे बसतात, बोल्ट सैल होतात. हे मी गिऱ्हाइकाला दर वेळी बजावतो. स्वतःच्या गाडीला मात्र आळस केला आणि वर बारा गोण्या सिमेंट टाकून पेठ रस्त्याला निघालो. सैल यू-बोल्टमुळे सगळा भार पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टवर आला आणि सावळ घाट जवळ आल्यावर तो कापला गेला. मागचा अ‍ॅक्सल एका बाजूने चार बोटं मागे सरकला आणि गाडी खेकड्यासारखी तिरपी चालायला लागली.

तिथे काय केलं ते नीट सांगतो, कारण वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. गोण्या उतरवल्या. चॅसिसखाली जॅक लावून चाक मोकळं केलं. टॉमीने रेटून अ‍ॅक्सल जागेवर आणला. सेंटर बोल्टच्या जागी डब्यात पडलेला साध्या लोखंडाचा बोल्ट घातला, त्याची ताकद मूळ बोल्टाच्या निम्मीही नसेल. मग यू-बोल्टचे नट पान्ह्याला पाइप लावून जीव खाऊन आवळले, कारण खरी पकड यू-बोल्टचीच असते, सेंटर बोल्ट फक्त जागा धरतो. वरून अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या पुढच्या टोकाचं ब्रॅकेट यांच्यामध्ये दोर ताणून बांधला, म्हणजे पुन्हा मागे सरकायला नको. सव्वा तास लागला. वीसच्या वेगाने नाशिकला आलो. रात्री साडेदहाला घरी जेवलो. सिमेंट दुसऱ्या दिवशी पिकअपने आणलं, त्यातल्या दोन गोण्या भिजून दगड झाल्या होत्या, त्या अजून गॅरेजच्या दारात पायरी म्हणून आहेत.

दोन्ही गाड्या अडल्या. नवीच्या बिघाडात माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाचा उपयोग शून्य होता. जुनीच्या बिघाडात चूक माझी होती आणि उपायही माझ्या हातात होता. शेतकऱ्याला हा फरक कळतो, कारण त्याचं बाकीचं सगळं सामान, मोटर, पंप, ट्रॅक्टर, याच जातीचं असतं.

गाडीचं दुखणं आवाजावरून वाचणारे कारागीर आले कुठून, यावर फारसं कुणी बोलत नाही. ते आणले काळीपिवळीने, म्हणजे गावोगाव माणसं भरून धावणाऱ्या जीपने. नाशिक–त्र्यंबक, नाशिक–पेठ, पुढे सुरगाणा, हरसूल, या रस्त्यांवर ज्यांनी नव्वदीच्या दशकात प्रवास केलाय त्यांना कमांडर आणि मार्शल आठवतील. आत दहा, मागे लोंबकळणारे चार, टपावर कोंबड्यांची खुराडी आणि सायकल. त्या गाड्या रोज मोडायच्या आणि रोज धंद्यावर लागायलाच हव्या असायच्या. त्यामुळे प्रत्येक फाट्यावर एक पत्र्याची शेड, एक ग्रीसचा डबा आणि एक पोरगा तयार झाला. तो पोरगा आज पंचेचाळिशीचा मिस्त्री आहे. मग २०००मध्ये बोलेरो आली, तिने तेच शेड जगवलं, आणि ती आजही विकली जातेय. पिकअप तर भाजीपाल्याचा कणाच झालाय. जुन्या थारचे बरेच भाग या बोलेरो-स्कॉर्पिओ घराण्यातले. हरसूलच्या बाजारात तुम्हाला जिम्नीचा भाग मिळणार नाही. बोलेरोचा क्रॉस किराणा दुकानाशेजारी मिळेल. तुम्ही नुसती गाडी घेत नाही, तीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या तरी पोटापाण्यासाठी उभं राहिलेलं हे सगळं जाळं फुकटात घेता. जिप्सीचं नेमकं इथेच हुकलं. चालवायला आजही तिच्याइतकी गोड गाडी नाही, १९८५पासून ती आपल्याकडे होती, पण पेट्रोलवर असल्याने ती कधी वडापला, म्हणजे काळीपिवळीच्या धंद्याला, लागली नाही. २०१९ला ती बंद झाल्यावर सुटे भाग शोधत हिंडायची वेळ आली.

आता तुमच्या पाणंदीकडे येतो. त्र्यंबक-हरसूल भागातली माती लाल, मुरमाड, वरून निसरडी पण खाली टणक. चाकाने वरचा दोन बोटं चिखल कापला की खाली पकड मिळते. तिथे फोर बाय फोर आणि लो रेंज मनापासून काम करतं. लो रेंज म्हणजे जुन्या थारमध्ये इंजिनाचा जोर चाकापर्यंत जाताना आणखी जवळपास अडीच पट होतो आणि वेग तेवढाच कमी होतो. उतारावर पहिल्यात टाकून तिन्ही पेडलवरून पाय काढा, ती बैलगाडीच्या चालीने स्वतःच उतरते. निफाड-सिन्नरकडची काळी माती वेगळी. ती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत होतो, आणि मग कोणतीही गाडी असो, चार चाकं फिरवून तुम्ही फक्त चार खड्डे करता. तिथे पाऊस थांबल्यावर एक दिवस थांबणं हाच उपाय. तुमचं नशीब तुम्हाला लाल मातीत घेऊन गेलंय, त्याचे आभार माना.

चिखलात उतरण्याआधी टायरमधली हवा अठरा-वीस पीएसआयवर आणा आणि डांबरीवर आल्यावर पुन्हा भरा. साडेतीन-चार हजारांच्या पंपाने जे होतं ते लाखाच्या टायरने होत नाही. आणि कोरड्या डांबरीवर फोर बाय फोर लावून हिंडू नका. नवी थार, जुनी थार, जिम्नी, तिन्हींना पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर तोडतात. चिखलात तो फरक घसरून निघून जातो, डांबरीवर जायला जागा नसते, मग तो सगळा पीळ ट्रान्स्फर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, साठतो. वळणावर गाडी अडखळली आणि स्टिअरिंग जड झालं तर समजा तेच चाललंय.

पाणंदीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची, रुंदी. नवी थार १८२० मिलिमीटर रुंद, जिम्नी १६४५, जुनी थार या दोघींच्या मध्ये. बांधावर करवंदीच्या जाळ्या असतील तर हा फरक रंगावर उमटतो. जाऊन पाणंदीची सगळ्यात अरुंद जागा टेपने मोजा, हे कुणी करत नाही.

तुम्ही बघितलेली २०१६ची गाडी घ्यायची की नाही, यासाठी काय तपासायचं ते सांगतो. इंजिनाचा धूर, तेलाचा डाग हे कुणीही मिस्त्री बघेल. मी दोन जागा बघतो ज्या विकणारा साफ करायला विसरतो.

पहिली जागा, मागच्या डिफरन्शियलचं तेल. हाउसिंगला बाजूने भरायचा बोल्ट असतो, तो काढा आणि करंगळी आत घालून तेल बाहेर काढा. मधासारखं किंवा काळपट असेल तर ठीक. चहाच्या रंगाचं, दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. ते असं जातं. गाडी पळून आलेली असते, अ‍ॅक्सल गरम असतो, आतली हवा फुगलेली. तशीच ती थंडगार ओढ्यात घातली की आतली हवा एकदम आकसते आणि सील किंवा श्वासनळीतून (हवा आत-बाहेर जायच्या वाटेतून) पाणी ओढून घेते. पाण्यात गेली याचा दोष नाही, त्यासाठीच ती आहे. पण पाण्यातून आल्यावर तेल बदललं नाही याचा अर्थ मालकाने बाकीचंही काही केलेलं नसणार. तुम्ही गाडी घेतलीत तर ती श्वासनळी दोन फूट रबरी पाइप लावून वर चॅसिसपाशी नेऊन बांधा. दोनशे रुपयांचं काम.

दुसरी जागा, चॅसिसला मागचे शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक टांगणाऱ्या पट्ट्या, जिथे लटकतात तो भाग. तिथे चिखल साचतो आणि वर्षानुवर्षं ओला राहतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. ठणठण वाजलं तर उत्तम. बद्द वाजलं, किंवा ताजा काळा रंग मारलेला दिसला, तर उठा आणि घरी या. इंजिन बदलता येतं, चॅसिस बदलणं म्हणजे दुसरा जन्म.

मग मोकळ्या मातीवर नेऊन फोर हाय, फोर लो दोन्ही लावा. लो लावायला गाडी पूर्ण थांबवायची, क्लच दाबायचा. दांडा घट्ट लागला तर घाबरू नका, वर्षानुवर्षं वापरला नसेल तर अडतो. पण लागल्यावर चालताना सुटून बाहेर आला तर ट्रान्स्फर केस उघडावी लागेल. २०१५नंतरच्या काही गाड्यांना मागे ईटनचं आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल आलं होतं. एका चाकाने घसरून जास्त फिरायला घेतलं की ते दुसऱ्याला जोडून घेतं. तुमच्या गाडीला ते असेल तर पंचवीस हजार जास्त द्यायला मी तयार झालो असतो.

कागद बघताना एमएच १५च्या पासिंगवर भुलू नका, आरसीवर काय लिहिलंय ते गाडीवर आहे का ते बघा. या गाड्यांना लोक काय काय लावतात. मोठे टायर, उंच केलेले पाटे, लोखंडी बंपर, कापलेलं छत. मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल नोंदणीत चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत स्पष्ट केलंय, आणि बुलबारवर, म्हणजे पुढच्या लोखंडी बंपरवर, बंदी तर २०१७च्या डिसेंबरपासून आहे. फोटोत भारी दिसणारी गाडी पुढे पंधरा वर्षांनी, म्हणजे तुमच्या बाबतीत २०३१ला, फेरनोंदणीला आरटीओत उभी राहील तेव्हा हे सगळं उतरवावं लागेल. त्यानंतर दर पाच वर्षांनी तोच सोहळा आणि वर पर्यावरण कर. माझा अनुभव असा की ज्या गाडीवर काहीच लावलेलं नाही, तीच बहुतेक वेळा आतून चांगली निघते.

आता दुसरी बाजू, आणि इथे मी जुन्या थारच्या भक्तांच्या शिव्या खायला तयार आहे. तिच्यात एअरबॅग नाही. एबीएस फार शेवटी आलं, २०१६च्या गाडीला नाही. मागची बाकडी समोरासमोर आहेत, म्हणजे अपघातात मागचा माणूस पुढे नाही, बाजूला फेकला जातो. नव्या थारला २०२०मध्ये गाड्या धडकवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपने प्रौढ आणि मुलं दोन्हींसाठी चार तारे दिलेत. तुमची मुलगी दुसरीत आहे असं तुम्ही लिहिलंय. तिला मागच्या बाकड्यावर बसवून कसारा घाट उतरायचा विचार असेल तर हा सौदा इथेच सोडा. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा २०२५च्या जूनमध्ये सुरू झालाय, तिथे बाकीच्या गाड्या १२०ने जातात. जुनी थार नव्वदच्या पुढे गेली की तुम्ही गाडी चालवत नाही, ती सावरता. कापडी छत फडफडतं, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि मुंबईला पोचेपर्यंत कमरेला आपलं वय कळतं.

म्हणून माझं उत्तर घरात दुसरी गाडी आहे की नाही यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. घरात मुलीला घेऊन फिरायला एक बरी, एअरबॅगवाली छोटी गाडी असेल, आणि ही फक्त नाशिक–हरसूल, शनिवार-रविवार, खताच्या गोण्या आणि भाताची रोपं यासाठी असेल, तर जुनी थार घ्या. पण किमतीवर एक लाख बाजूला काढून ठेवा. पहिल्या वर्षात सगळी तेलं, बुश, क्रॉस, क्लच, टायर यात ते जाणारच. ते गेल्यावर मात्र ही गाडी तुम्हाला फसवणार नाही.

एकच गाडी ठेवायची असेल तर मेहुण्यांचं ऐका. दोन-तीन वर्षं वापरलेली जिम्नी बघा. ती वळवायला सोपी, अरुंद, एअरबॅग सहा, आणि पेट्रोल असल्याने रोजच्या शाळेच्या फेऱ्यांना डिझेलपेक्षा बरी. हरसूलला भाग मिळणार नाही हे मान्य, पण नाशिकला मिळतो. आणि नवी थार कर्जावर घेतच असाल तर एवढंच बघा की ती खरंच फोर बाय फोर आहे. २०२३च्या जानेवारीत मागच्या दोन चाकांवर चालणारी स्वस्त थार आली. दिसायला तीच, चाकं तीच, पण ट्रान्स्फर केसच नाही. गंगापूर रोडला उभ्या असलेल्या थारमध्ये वाकून बघाल तर पुष्कळशा तशाच निघतील. कॉलेज रोडला त्या शोभतात. तुमच्या ओहोळात त्या तुम्हाला ट्रॅक्टरवाल्याकडेच घेऊन जातील.

बघायला जाल तेव्हा मालकाला सांगा सकाळी सातला येतो, गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर पहिलं काम, बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर त्याने तुमच्या आधी उठून ती चालू केलीय, कारण थंड इंजिन काहीतरी सांगणार होतं. तेव्हा चहा घ्या, पावसाबद्दल दोन शब्द बोला आणि परत या. थंड लागलं तर मला फोन करा, मी येतो. करंगळी घालायला.